‘टोकनचा अंदाज बांधता येतो’ हा शेरा दुरुस्ती करूनही ऑडिटमध्ये परत येतोय? मग हे तपासा

लक्षण असं असतं. लॉगिनचं सॉफ्टवेअर सुरक्षा तपासणीला जातं आणि अहवालात एक ओळ येते: ‘पासवर्ड रीसेटच्या टोकनचा अंदाज बांधता येतो.’ टीम घाईघाईने टोकन (रीसेटच्या लिंकमधला गुप्त कोड) लांब करते, त्यावर एमडी५ (कोणत्याही मजकुराची ठरावीक बत्तीस अक्षरं करणारं सूत्र) फिरवते आणि ‘दुरुस्त केलं’ असं कळवते. महिन्याभराने तीच ओळ पुन्हा. तिसऱ्या फेरीला तपासनीस उगाच अडवतोय असं सगळ्यांना वाटायला लागतं आणि मुदत संपत आली म्हणून कुणीतरी ‘धोका मान्य’ असं लिहून सही करून टाकतं. ही सही होऊ नये म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

माझा हा अनुभव २०२४ मधला, तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेचा. सभासद बहुतेक शेतकरी, दुधाचं बिल तिथेच जमा होतं, आणि आता बरेच जण मोबाइलवरून शिल्लक बघतात, पैसे वळते करतात. अहवाल दोनदा नापास झाल्यावर मला बोलावलं. पोर्टल लिहिणारा मुलगा हुशार होता, कामसू होता. त्याने स्क्रीनवर रीसेटची लिंक दाखवली आणि म्हणाला, “सर, बत्तीस अक्षरं आहेत हो. एवढं कोण ओळखणार?”

त्याचा प्रश्न मनापासूनचा होता, आणि सगळी गफलत त्या एका प्रश्नातच आहे. टोकन दिसायला केवढं आणि कसं आहे यावर त्याची ताकद ठरत नाही. ते बनताना किती वेगवेगळी टोकनं बनू शकली असती, यावर ठरते.

बत्तीस अक्षरांच्या आत काय होतं

कोड उघडला तर पीएचपी या वेबसाइट लिहायच्या भाषेतल्या युनिक-आयडी फंक्शनचं उत्तर घेऊन त्याचा एमडी५ काढलेला. नावात ‘युनिक’ आहे म्हणून हे फंक्शन हजारो प्रकल्पांत टोकनसाठी वापरलं गेलंय. पण ते रँडम काहीच देत नाही. ते घड्याळ बघतं आणि वेळ सोळाच्या पायात (० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांत) लिहून देतं. पहिली ८ अक्षरं सेकंदांची, पुढची ५ मायक्रोसेकंदांची.

एमडी५ लावण्याआधीचं एक टोकन उलगडून दाखवतो: ६६४३०२१५७३१०४. पहिली आठ अक्षरं, ६६४३०२१५, दहाच्या पायात आणली की १,७१,५६,६७,४७७ येतात. १ जानेवारी १९७० पासून एवढे सेकंद मोजले की १४ मे २०२४, भारतीय वेळेनुसार सकाळी ११ वाजून ४७ मिनिटं ५७ सेकंद. उरलेले ७३१०४ म्हणजे ४,७१,३०० मायक्रोसेकंद. सभासदाने ‘पासवर्ड विसरलो’ बटण दाबलं तो क्षण टोकनमध्ये जसाच्या तसा बसलेला आहे, दुसरं काहीही नाही.

आता हल्लेखोराच्या जागी बसून बघा. सेकंद कोणता ते त्याला माहीतच असतं, कारण विनंती त्यानेच पाठवलेली असते आणि सर्व्हर उत्तराबरोबर स्वतःची वेळही कळवतो. राहिले एका सेकंदातले १० लाख मायक्रोसेकंद. एमडी५ लावला म्हणून त्यात एकाचीही भर पडत नाही. तो १० लाख वेळांचे एमडी५ काढून बसतो, साध्या लॅपटॉपला ते काम एक-दोन सेकंदांचं आहे.

त्यातही तो आणखी शहाणपणा करतो. आधी स्वतःच्या खात्यासाठी रीसेट मागतो, लगेच तुमच्या खात्यासाठी, लगेच पुन्हा स्वतःच्या. त्याची दोन टोकनं त्याच्या मेलमध्ये येतात, त्यावरून दोन्ही क्षण कळतात, आणि तुमचं टोकन त्या दोघांच्या मधे कुठेतरी असतं. दोन विनंत्यांत ४० मिलिसेकंदांचं अंतर असेल तर उरतात ४० हजार शक्यता. रीसेटच्या लिंकवर किती वेळा चुकायचं याला बंधन नसेल तर एवढ्या सहज तपासून होतात. संस्थेची लेखी परवानगी घेऊन आम्ही दोन चाचणी खात्यांवर हेच करून दाखवलं. तो मुलगा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग काहीएक न बोलता त्याने कोडमध्ये ‘युनिक’ शब्द शोधायला घेतला. सात ठिकाणी सापडला.

ओटीपीचं दुखणं वेगळं

ओटीपीची सेवा दुसऱ्या माणसाने जावात लिहिली होती. तिथे घड्याळ नव्हतं, भाषेतला नेहमीचा ‘रँडम’ क्लास होता आणि त्याला दहा लाखांच्या आतला आकडा मागितला होता. हे तर रँडमच आहे, असं तिथलं म्हणणं.

हा क्लास पोटात ४८ बिटांची (शून्य-एकच्या ४८ घरांची) एक अवस्था ठेवतो, म्हणजे पुढचा आकडा जिच्यावरून ठरतो ती संख्या. दर वेळी तिला २५,२१,४९,०३,९१७ ने गुणतो, ११ मिळवतो, ४८ बिट ठेवून बाकीचे टाकून देतो आणि वरच्या ३१ बिटांवरून तुम्हाला आकडा काढून देतो. गुणक सगळ्या जगाला ठाऊक आहे. म्हणजे एकदा अवस्था कळली की पुढचे सगळे ओटीपी कळले.

अवस्था कळायला काय लागतं? तुमच्या स्वतःच्या फोनवर आलेला एक सहा आकडी ओटीपी घ्या. ३१ बिटांच्या ज्या संख्यांना दहा लाखांनी भागल्यावर ही बाकी उरू शकते, अशा फक्त २,१४७ आहेत. खालचे १७ बिट दिसत नाहीत, त्यांच्या १,३१,०७२ शक्यता. गुणाकार केला की साधारण २८ कोटी. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो, पण संगणकाला तो मिनिटभराचाही नाही. या २८ कोटींतून दुसरा आणि तिसरा ओटीपी जिच्यातून बरोबर निघतो अशी अवस्था शोधायची, बहुतेक वेळा एकच उरते. मधे दुसऱ्या कुणी ओटीपी मागवला असेल तर एक-दोन पावलं सोडून बघायचं, एवढंच. त्यानंतर तुमच्या मोबाइलवर एसएमएस पोचायच्या आधी हल्लेखोराला ओटीपी माहीत असतो. तुमचं सिम चोरायची त्याला गरज नाही, फोन करून ‘बँकेतून बोलतोय’ म्हणायचीही नाही.

पायथनचा साधा रँडम आणि पीएचपीचा एमटी-रँड हे दोन्ही मर्सेन ट्विस्टर या पद्धतीवर चालतात. पायथनमध्ये ३२ बिटांचे सलग ६२४ आकडे मिळाले की आतली पूर्ण अवस्था परत मांडता येते. पीएचपीत तेवढीही मेहनत नको, कारण तिथला सीड, म्हणजे ज्या संख्येपासून सगळी मालिका सुरू होते ती, जेमतेम ३२ बिटांचा असतो. चारशे एकोणतीस कोटी शक्यता, आणि त्या सगळ्या तपासणारं फुकट साधन ओपनवॉल या सुरक्षा प्रकल्पाने कधीच करून ठेवलंय. ब्राउझर आणि नोड (सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट) यांमधलं मॅथ-रँडमही असंच, अंदाज बांधता येणारं.

ही पद्धत वाईट आहे असं कुणी समजू नये. खेळ, नमुना-चाचण्या, सिम्युलेशन यांसाठी ती छानच आहे. तिथे मालिका पुन्हा जशीच्या तशी काढता येणं हा गुण असतो. लॉगिनमध्ये नेमका तोच गुण जिवावर बेततो.

हे दुखणं आजचं नाही

१९९५ मध्ये बर्कलीच्या इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोघा विद्यार्थ्यांनी नेटस्केप ब्राउझरची सुरक्षित जोडणी फोडून दाखवली, कारण तिचा सीड वेळ आणि प्रोसेस क्रमांक (चालू प्रोग्रॅमला सिस्टिमने दिलेला आकडा) यांवरून बनत होता. पुढच्याच वर्षी कर्बेरॉसची पाळी आली. एमआयटीच्या अथेना प्रकल्पातून आलेली ही लॉगिनची यंत्रणा म्हणजे अनेक विद्यापीठांचं महाद्वार. तिच्या चौथ्या आवृत्तीतली सेशन की (त्या लॉगिनपुरती गुप्त किल्ली) ५६ बिटांची होती, म्हणजे कागदावर ७२० कोटी गुणिले १ कोटी एवढ्या शक्यता. पर्ड्यू विद्यापीठात स्टीव्ह लोडिन, ब्रिन डोल आणि जीन स्पॅफर्ड यांनी कोड वाचला तेव्हा दिसलं की ही किल्ली बनते ती पुन्हा वेळ आणि प्रोसेस क्रमांक असल्याच गोष्टींवरून, आणि खऱ्या शक्यता उरतात साधारण दहा लाख. पतसंस्थेच्या टोकनातल्या एका सेकंदात होत्या, तेवढ्याच. मधे अठ्ठावीस वर्षं गेली, चूक तीच.

डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराचं प्रकरण मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. २००६ मध्ये त्यांच्या ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीतल्या दोन ओळी बंद केल्या गेल्या, कारण तपासणीचं साधन त्यांच्यावरून मेमरीबद्दल इशारे देत होतं. इशारे थांबले. पण त्या ओळींबरोबर रँडमपणाचं पाणीच तुटलं. उरला फक्त प्रोसेस क्रमांक, जो तेव्हा नेहमीच्या लिनक्सवर ३२,७६८ च्या पुढे जात नसे. लुचियानो बेल्यो यांच्या हे लक्षात आलं आणि १३ मे २००८ ला डेबियनने जाहीर केलं. मधल्या काळात डेबियनवर बनलेली प्रत्येक एसएसएच की (सर्व्हरवर दुरून शिरायची किल्ली) त्या मोजक्या यादीतली होती, म्हणजे यादी घेऊन बसलेला कुणीही पासवर्डाशिवाय सर्व्हरवर लॉगिन करू शकत होता. दुरुस्ती आली, लोकांनी पॅकेज अद्ययावत केलं, आणि जुन्या की तशाच ठेवल्या. २०१५ मध्येसुद्धा गिटहबवरच्या खात्यांत त्या कमकुवत की सापडल्या. हा मुद्दा खाली पुन्हा येईल, कारण आमच्या पतसंस्थेचा शेरा तिसऱ्या फेरीत अडकला तो याच कारणाने.

दुरुस्ती का टिकत नाही

सगळ्यात नेहमीचं कारण वर आलंच: उगम तसाच ठेवून रूप बदललं जातं. एमडी५च्या जागी शा-२५६, बत्तीसऐवजी चौसष्ट अक्षरं, वेळेला सभासद क्रमांक जोडलेला, मागे ‘गुप्त’ शब्द चिकटवलेला. युनिक-आयडीला जास्त एंट्रॉपीचा (जास्त रँडमपणाचा) पर्याय दिला की झालं, असंही बरेच जण मानतात. त्यातून जोडला जाणारा भागही सुरक्षेसाठी बनवलेला नाही.

दुसरं कारण जावावाल्यांना गाठतं. ते योग्य तो सिक्युअर-रँडम क्लास आणतात, पण त्यातली शा-१ची जुनी पद्धत नाव घेऊन मागवतात आणि पहिला आकडा घ्यायच्या आधीच सेट-सीडने त्यात आजची वेळ घालतात. तसं केलं की यंत्रणा स्वतःचा सीड घेतच नाही, तुम्ही दिलेल्या वेळेवरच सगळी मालिका चालते. क्लास बरोबर, नाव बरोबर, कोड वाचणाऱ्याला समाधान, आणि टोकन पुन्हा घड्याळातून आलेलं. सिक्युअर-रँडमला सीड देऊच नका. तो ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेतो, ते त्याचं काम आहे.

तिसरं कारण बऱ्याच टीमना माहीतच नसतं. जुन्या लिनक्सवर, विशेषतः नुकत्याच सुरू केलेल्या व्हर्च्युअल मशिनवर, डेव्ह-रँडम या सिस्टिमच्या रँडम आकड्यांच्या साठ्यातून वाचताना प्रोग्रॅम अडकून बसायचा. टॉमकॅट हा जावाचा सर्व्हर वर यायला काही मिनिटं घ्यायचा. रात्री बारा वाजता सर्व्हर वर येत नाही म्हटल्यावर कुणीतरी सिक्युअर-रँडम काढून साधा रँडम घालतो, सर्व्हर चटकन उठतो, सगळे घरी जातात. सहा महिन्यांनी शेरा परत येतो आणि तो बदल कुणाला आठवत नाही. हा अडथळा आता उरलेला नाही: २०२० मध्ये आलेल्या लिनक्स ५.६ पासून मशिन सुरू होताना एकदा साठा भरला की डेव्ह-रँडम अडत नाही. जुन्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) असाल तर जावाला न अडणारा डेव्ह-यूरँडम दाखवा. पण साध्या रँडमकडे वळू नका.

चौथं, मागच्या दाराची सोय. ‘सुरक्षित स्रोत मिळाला नाही तर एमटी-रँड वापर’ अशी अट अनेक जुन्या लायब्ररींत आहे. ती अट कधी लागू झाली ते कळतही नाही, कारण टोकन तर बनतंच. स्रोत मिळाला नाही तर लॉगिन बंद पडू द्या. बंद पडलेलं लॉगिन पाच मिनिटांत कुणाच्या तरी लक्षात येतं.

आणि एकच मशिन-इमेज (तयार सर्व्हरची नक्कल) वापरून दहा सर्व्हर उभे करणारे: त्या इमेजमध्ये सेशनची गुप्त की किंवा एसएसएच होस्ट की आधीच बनलेली असेल तर दहाही ठिकाणी तीच. इमेज बनवताना या की काढून टाकायच्या आणि मशिन पहिल्यांदा सुरू होईल तेव्हा नव्या करायच्या.

शोधायचं कसं

आकडेवारीच्या चाचण्यांवर विसंबू नका. हजार टोकनं घेऊन चाचणी लावली आणि ‘रँडमपणा उत्तम’ असा निकाल आला, हे मला दर वेळी कुणीतरी दाखवतं. एक, दोन, तीन असे आकडे मोजत त्यांचा एमडी५ काढा, तोही त्या चाचणीत उत्तम ठरेल. चाचणी नापास झाली तर नक्की रोग आहे. पास झाली तर त्यावरून काहीच ठरत नाही.

कोडच वाचावा लागतो. आधी कागदावर यादी करा की तुमच्या यंत्रणेत ओळख पटवणारी गुप्त गोष्ट कुठे कुठे बनते. पासवर्ड रीसेट आणि ओटीपी सगळ्यांना सुचतात. सेशन क्रमांक, ‘मला लक्षात ठेवा’ची कुकी, ईमेल पडताळणीची लिंक, नव्या कर्मचाऱ्याला दिलेला तात्पुरता पासवर्ड, एपीआय की (एका प्रोग्रॅमची दुसऱ्याकडे ओळख पटवणारी), फॉर्ममधलं सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच पानावरून आला हे ओळखणारं), दुसऱ्या पायरीचे राखीव कोड, हे राहून जातात. मग प्रत्येकाच्या मागे कोडमध्ये चालत जा, जोवर ऑपरेटिंग सिस्टिमच्या दारापाशी पोचत नाही तोवर. वाटेत घड्याळ, प्रोसेस क्रमांक, सभासद क्रमांक किंवा साधा रँडम भेटला की तिथे खूण करा.

दोन छोट्या परीक्षा बाहेरूनही करता येतात. सेवा बंद करून पुन्हा सुरू करा आणि पहिली पाच टोकनं लिहून घ्या, असं तीनदा. गो भाषेच्या १.२० पूर्वीच्या आवृत्त्यांत साधा रँडम सीडशिवाय वापरला तर दर वेळी तीच मालिका येते, ती इथे उघडी पडते. दुसरी परीक्षा: एकाच सेकंदात दहा टोकनं मागवा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा, सुरुवात सारखी आहे का.

काय लिहायचं

इथे फार विचार करायचा नाही. पीएचपी ७ पासून रँडम-बाइट्स आणि रँडम-इंट आहेत. पायथन ३.६ पासून सीक्रेट्स मॉड्यूल आहे. जावात सिक्युअर-रँडम, सीड न देता. नोडमध्ये क्रिप्टोचं रँडम-बाइट्स आणि रँडम-इंट, ब्राउझरमध्ये क्रिप्टोचं गेट-रँडम-व्हॅल्यूज, गोमध्ये क्रिप्टो-रँड, डॉटनेटमध्ये रँडम-नंबर-जनरेटर. टोकनसाठी १६ बाइट घ्या, सोळाच्या पायात लिहिले की तीच बत्तीस अक्षरं होतात. आमच्या मुलाच्या लिंकची लांबी शेवटी बदललीच नाही, आधीसारखीच दिसायची.

ओटीपीला मात्र उत्तम स्रोत पुरत नाही. सहा आकडे म्हणजे कितीही चांगले काढले तरी दहा लाखच. पाच चुकांनंतर तो ओटीपी रद्द, काही मिनिटांची मुदत, एकदा वापरला की संपला. आणि ही मोजणी खात्यावर करा. नुसत्या आयपी पत्त्यावर केली तर हल्लेखोर पत्ते बदलत राहतो. टोकन डेटाबेसमध्ये उघडं ठेवू नका, त्याचा शा-२५६ ठेवा.

चूक परत शिरू नये म्हणून तपासणी यंत्रावर सोपवा. पायथनसाठी बँडिट या कोड तपासणाऱ्या साधनाचा बी३११ नियम साध्या रँडमवर बोट ठेवतो, जावासाठी फाइंड सिक्युरिटी बग्जमध्ये असाच नियम आहे. बिल्डमध्ये ते लावून ठेवले की रात्री बाराचा तो बदल पुढे सरकत नाही.

जुनं साफ केल्याशिवाय शेरा जात नाही

आमच्या तिसऱ्या फेरीला कोड स्वच्छ होता, तरी ओळ आली. तपासनिसाने जुन्या चाचणी खात्याची ‘मला लक्षात ठेवा’ कुकी वापरली होती. ती आठ महिन्यांपूर्वी घड्याळातून बनलेली आणि मुदत वर्षाची. नवा कोड नवीन कुकी उत्तम बनवत होता आणि जुन्या कुकींना तितक्याच आदराने आत घेत होता. डेबियनच्या जुन्या कींचं जे झालं तेच.

म्हणून दुरुस्ती चढवली त्याच दिवशी जुन्या कोडने दिलेलं सगळं रद्द करा: चालू सेशन, कुकी, न वापरलेल्या रीसेट लिंक, एपीआय की. तात्पुरते पासवर्ड अजून ज्यांनी बदलले नाहीत त्यांना बदलायला लावा. मागचे लॉगही चाळा. एकाच पत्त्यावरून वेगवेगळ्या खात्यांसाठी एका सेकंदात तीन-तीन रीसेट मागितलेले दिसले तर ते कुणाच्या हातचुकीने झालेलं नसतं. आमच्याकडे तसं काही निघालं नाही, पण ते बघितल्याखेरीज व्यवस्थापकांना झोप लागली नसती, आणि मलाही.

रद्द करायचं म्हटल्यावर व्यवस्थापक जरा कचरले. “अहो, सगळे सभासद एकदम बाहेर पडतील. सकाळी फोन कोण घेणार?” म्हणून आम्ही आधी दोन दिवस शाखेत सूचना लावली, दूध संकलन केंद्रांवरही लावली, आणि रविवारी रात्री सगळी सेशन तोडली. सोमवारी सकाळी साडेनऊपासून तो मुलगा आणि दोन लिपिक फोनवर बसले. दुपारी दोनपर्यंत फोन थांबले. पुढच्या अहवालात ती ओळ नव्हती.